फाटकाबाहेरचे शब्बीर मिस्त्री

शब्बीर मिस्त्रींनी पहिल्या दिवशी मला नदीबंगल्याच्या फाटकात पाऊण तास उभं केलं होतं, आणि ते मी अजून विसरलेले नाही. एप्रिलचं सोलापूर, तोंडाला स्कार्फ, पाठीवर लॅपटॉपची बॅग. गजांच्या पलीकडे हे गृहस्थ: साठी ओलांडलेली, खाकी शर्ट, पांढरा पायजमा, डोक्यावर जाळीची टोपी आणि कानावर सुतारकामाची चपटी पेन्सिल. मी ऑफिसचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूही वाचली, मग उन्हासमोर धरून बघितलं.

"आमच्या सरांना फोन करून विचारा ना," मी म्हटलं. "नंबर आहे वरती."

"कागद खोटा असला तर नंबर बी त्याचाच असनार की, मॅडम."

मग ते बाहेर आले, फाटकाला कुलूप लावलं आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तिथून कुणाकुणाला विचारत आमच्या ऑफिसचा नंबर त्यांनी दुसऱ्या वाटेने मिळवला, सरांशी बोलले, आणि परत येऊन म्हणाले, "टेप बघू तुमचा." खिशातून पितळी बिजागऱ्यांची घडीची फूटपट्टी काढून त्यांनी माझ्या टेपशेजारी लावली. टेपचं टोक वाकलं होतं. "अर्धा सूत खोटा हाय. हितं चालनार न्हाय," असा निकाल देऊन त्यांनी तो मला परत केला. नंतरचे दोन महिने मी त्या बंगल्याचं माप त्यांच्या टेपने घेतलं. माझ्याकडे लेझरचं मीटर होतं, ते मी एकदाच बाहेर काढलं. "दिवा भिंतीवर पडला म्हंजे भिंत मोजली व्हय?" असं विचारून ते निघून गेले, आणि मला उगाच चोरी पकडल्यासारखं झालं.

आमचं ऑफिस जुन्या इमारतींची तपासणी करून अहवाल देतं. नदीबंगल्याला वारसदार चार. तिघे बाहेरगावी आणि एक किरणभाऊ इथेच, जुळे सोलापूर म्हणतात त्या वस्तीत. त्यांना जागेवर फ्लॅट बांधायचे होते. नदीकडच्या भिंतीला दिवाळीपासून ओल येत होती, तडे पडत होते. इमारत धोकादायक आहे असं आम्ही लिहिलं की ती पाडायला मोकळीक. नाही लिहिलं तर बाकीचे तिघे ती राखायला तयार होते. म्हणजे सगळं आमच्या अहवालावर, अहवाल त्या एका भिंतीवर, आणि ती भिंत तपासायला मी, नोकरीला लागून दीड वर्ष झालेली. मिस्त्रींना हे सगळं ठाऊक होतं. त्यामुळे मी त्यांच्या लेखी किरणभाऊंची माणूस होते आणि कुऱ्हाड पर्समध्ये घालून आले होते.

नदीबंगला म्हटलं की लोकांना वाटतं, समोर झुळझुळ पाणी असेल. समोर आदिला आहे. जुन्या माणसांच्या बोलण्यात ती नदी, आताच्या माणसांच्या बोलण्यात नाला. पण बंगला बांधणाऱ्या सुताच्या व्यापाऱ्याने ती नदीच धरली होती. रस्त्याकडून बंगला साधा दिसतो. खरं तोंड नदीकडे. हातभर उंचीचं काळ्या दगडाचं जोतं, त्यावर कमानींची ओळ, कमानींवर सागवानी खांबांची लांबलचक गॅलरी. खाली सगळं आपल्याकडचं, वर गेलं की साहेबी थाट: रंगीत काचांच्या अर्धगोल खिडक्या, छताला चुन्यातले पोपट आणि द्राक्षांचे घड, वळणाचा लोखंडी जिना. जोत्यापासून पाण्यापर्यंत अकरा पायऱ्यांचा घाट आणि घाटाच्या डोक्यावर दगडी कारंजं. पायऱ्यांपैकी आता सहाच दिसतात, बाकीच्या गाळात आहेत.

दिवाणखान्यात व्यापाऱ्याच्या गादीसमोर एक मोठा आरसा आहे, किंचित तिरका लावलेला. मी तो सरळ करायला गेले तर मिस्त्री ओरडले. मग मला गादीच्या जागी बसवून म्हणाले, "बगा आता." आरशात जिन्याच्या पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सगळं दिसत होतं. कोण येतंय, हातात काय आहे, वर येताना चेहरा कसा आहे आणि दारात आल्यावर कसा होतो.

"आमच्या आजानं लावलाय तो," मिस्त्री म्हणाले. त्यांचे आजोबा, वडील आणि ते स्वतः, तीन पिढ्या ह्या बंगल्याची चुन्याची कामं करत आलेल्या, आणि आता राखणही मिस्त्रींकडेच. "मालक लई संशयी मानूस होता, म्हंत्यात. मला बगायला मिळाला न्हाय. आमचं जमलं असतं."

जमलं असतंच. मिस्त्री स्वतःचा चहा स्वतः करायचे, आणि तरी पिण्याआधी हुंगायचे. भाजीवाल्याकडून कोथिंबीर घेतली तर आधी जुडी सोडून मधल्या काड्या बघायचे. सिमेंटच्या पोत्यावर त्यांचा विश्वास नव्हता, वायरमनवर नव्हता, हवामानाच्या अंदाजावर तर नव्हताच. आणि सगळ्यांना लागू असा त्यांचा एकच कायदा होता: ज्याच्यावर संशय, तो फाटकाबाहेर. प्लंबर बाहेर, कारण त्याने एकदा नळाचा पितळी वायसर बदलून प्लॅस्टिकचा घातला होता. किरणभाऊंचा ड्रायव्हर बाहेर, कारण तो एकदा नदीकडच्या भिंतीजवळ "उगीच" उभा होता. संशय फिटला की आत. पण तो फिटलेला मी तरी कधी बघितला नाही.

दुसरी एक खोड होती. कुठलंही काम संपलं, की ओल्या गिलाव्यात किंवा सिमेंटमध्ये ते हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा रोवायचे, बोटाच्या पेराएवढा. बंगल्यात फिरताना असे तुकडे मला जागोजागी दिसले: खिडकीच्या कोपऱ्यात, गच्चीच्या पन्हाळीपाशी, मोरीच्या कठड्यावर. मला वाटलं नजर लागू नये म्हणून काहीतरी असेल. विचारलं तर म्हणाले, "नजर कसली? उद्या कुनीतरी वाईट काम करून जानार आनि म्हननार, शब्बीरनं केलं. म्हनून आपलं काम आपल्या नावावर. तुकडा हाय तितं मी, तुकडा न्हाय तितं मी न्हाय." बांगड्या त्यांच्या बायकोच्या. ती गेली तेव्हा तिच्या बांगड्यांचा डबा त्यांनी ठेवून घेतला होता. हे सांगताना मात्र ते माझ्याकडे न बघता पेन्सिलीला टोक करत बसले.

आता भिंतीचं सांगते. नदीकडच्या भिंतीला खालून कमरेपर्यंत ओल होती. आमचे सर एकदा येऊन बघून गेले आणि म्हणाले, नदीचं पाणी पायात मुरतंय, पाया गेला, ह्याला इलाज नाही. मलाही तसंच वाटत होतं. समोर नाला, भिंत ओली, आणखी काय हवं? मिस्त्रींनी चिमूटभर गिलावा नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला. मी अक्षरशः तोंड फिरवलं. त्या नाल्यात काय काय वाहतं ते सोलापूरकरांना सांगायला नको.

"गोडं हाय," ते म्हणाले. "नाल्याचं असतं तर आतापर्यंत मी दवाखान्यात असतो. चाखा की."

"मी नाही चाखणार."

"मग कसल्या इंजिनेर तुमी?"

मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी जे दाखवलं त्याने तो उतरला. भिंतीतल्या फडताळाचं दार उघडून त्यांनी आतली बाजू दाखवली. तिथे पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, प्रत्येक रेघेपुढे तारीख. ओल कुठवर चढली त्याच्या त्या खुणा. काही तारखांपुढे फुली.

"फुली म्हंजे?"

"नळाला पानी आलेला दिवस."

आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि त्या दिवसावर लोक पाहुणे, धुणी, लग्नाची बोलणी सगळं ठरवतात. मी रेघा वाचत गेले. फुलीच्या दुसऱ्या दिवशी ओल वीतभर वर. मग रोज थोडी थोडी खाली. परत फुली, परत वीतभर वर. नोव्हेंबरपासून एकदाही चुकलेलं नव्हतं.

"नदी चार दिवस सुट्टी घेऊन पाचव्या दिवशी कामाला येती व्हय, मॅडम?"

म्हणजे पाणी नळाचं होतं, आणि नळाचं पाणी आपण होऊन पायात जात नाही. मिस्त्रींनी आवाज खाली आणला. "कोनतरी सोडतंय. ज्याला बंगला पडायला पायजे, तो." नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

त्यानंतरचा महिनाभर आम्ही दोघं काय झालो होतो ते आठवलं की मला हसू येतं आणि लाजही वाटते. मी किरणभाऊंशी बोलताना त्यांच्या बुटांना चिखल आहे का बघायची. पाण्याच्या दिवशी मिस्त्री सकाळपासून घाटावर स्टूल टाकून बसायचे. किरणभाऊंनी एकदा आंब्याची पेटी पाठवली, तर मिस्त्रींनी ती फाटकातूनच परत पाठवली. मला तोपर्यंत ते इतकं पटलं होतं, की मीही आंब्यांकडे बघितलं नाही. एकदा किरणभाऊ स्वतः आले आणि नळाच्या व्हॉल्व्हकडे बघत म्हणाले, "हा चालू असतो का हो?" मिस्त्रींनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. आमच्या दृष्टीने तो कबुलीजबाबच होता. बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं, हे आता कळतं.

शेवटी सरांनी मुदत दिली. पुढच्या सोमवारी अहवाल जाणार, त्यात पाया गेल्याचं लिहिणार. "तुझ्या मिस्त्रीच्या चवीवर मी सही करू शकत नाही," ते म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं. मी मिस्त्रींना सांगितलं. शनिवारी मी गेले तेव्हा ते भिंतीच्या पायाशी कुदळ घेऊन चर खणत होते. वयाला न शोभणारं काम, पण दुसऱ्या कुणाला ते हात लावू देईनात.

दुपारी कुदळ लोखंडावर वाजली. भिंतीला अगदी चिकटून एक पाइप निघाला, कारंज्याकडे गेलेला. आम्ही त्याच्यामागे खणत गेलो. कारंज्याच्या अलीकडे पाइप तोंडावर सिमेंट भरून बंद केलेला होता. त्या सिमेंटला चीर गेली होती, आणि चिरेभोवतीची माती काळी आणि ओली होती. मी खाली वाकून मोबाइलवर फोटो काढत होते. हिरवं काहीतरी चमकलं. मी बोटाने माती पुसली.

बांगडीचा तुकडा होता.

मी मान वर केली. मिस्त्रींनी तो माझ्या आधीच बघितला होता. ते चराच्या काठावर बसले होते, कुदळ मांडीवर आडवी. मग सांगायला लागले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बंगल्यात लग्न होतं. कारंजं उडालं पाहिजे असा हट्ट होता, म्हणून त्यांनी नळाच्या लाइनीवरून हा पाइप जोडला. लग्न झाल्यावर ह्याच हाताने बंद केला. मेन लाइनपासून तोडायला हवा होता. पण फरशी उखडायला लागली असती, म्हणून इथेच तोंड भरलं. "बंद केलं म्हंजे बंद केलं," ते म्हणाले. "सगळ्यांवर संशय घेतला, मॅडम. हितं संशय घ्यायचा डोक्यातच आलं न्हाय. माझंच काम हाय की हे."

मला ते ऐकवेना. पाइप लागताच मी सरांना फोन केला होता, ते तासाभरात येणार होते. मी म्हटलं, "मिस्त्री, तो तुकडा काढून टाका. पाइप सापडलाय ना, बस झालं. कुणी बसवला ते कशाला सांगायचं?"

हातोडी त्यांच्याजवळच होती. त्यांनी ती उचललीसुद्धा. खोटं कशाला सांगू, मला वाटलं ते तुकडा उडवणार, आणि उडवावा असंच मला मनापासून वाटत होतं. त्यांनी हातोडी परत खाली ठेवली.

"तुकडा न्हाय तर हा पाइप कवाचा, कोन सांगनार? तुमचा सर म्हननार, मालकाच्या वक्ताचा, शंभर वर्सं पानी मुरतंय, पाया गेला. तुकडा असला तर अठ्ठावीस वर्सं, आनि मी सांगनार की आत्ता दिवाळीपातूर भिंत कोरडी होती. रेघा हायत की माझ्या." मग म्हणाले, "लिवा. शब्बीरच्या हाताचं वाईट काम. असंच लिवा."

सर आले. मिस्त्रींनी त्यांना सगळं उभ्याने सांगितलं, हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झाल्यासारखं. सरांनी फडताळाच्या दाराचे फोटो काढले, पाया तपासला, पाइप मेन लाइनपासून तोडायला लावला, आणि अहवालात लिहिलं की ओल अलीकडची आहे, दुरुस्ती होण्यासारखी आहे, इमारत धोकादायक नाही. बंगला वाचला. किरणभाऊ भयंकर चिडले, आणि त्यांच्या हातात एकच गोष्ट उरली होती, ती त्यांनी वापरली. "मिस्त्रीनेच बंगला पाडायला काढला होता," हे त्यांनी गावभर सांगितलं. खोटं म्हणायची सोय नव्हती, अहवालातच होतं, आणि ते माझ्या हाताने टाइप केलेलं होतं. जुन्या घरांची कामं करून घेणारी माणसं आमच्या गावात मोजकीच. त्यांनी मिस्त्रींना बोलावणं हळूहळू बंद केलं.

पण त्याआधीच, सर गेले त्याच संध्याकाळी, मिस्त्रींनी आपला टेप, चहाचं पातेलं आणि बांगड्यांचा डबा पिशवीत भरला, फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. कुणी घालवलं नव्हतं. मी म्हटलं, "मिस्त्री, हे काय?"

"कायदा हाय की," ते म्हणाले.

पुढे मला काम लागलं ते भिंतीचं. पाण्याच्या प्रत्येक दिवसानंतर जाऊन ओल बघायची आणि फडताळाच्या दारावर रेघ मारायची. रेघा खाली खाली येत गेल्या. पावसाळा गेला, दसरा गेला, मग रेघ मारायला काही उरलंच नाही, नुसत्या तारखा आणि फुल्या. गॅलरीत आता लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, आणि जिन्यातून चढताना आरशात कोण बघतंय हे त्यांना माहीत नसतं.

मिस्त्री मला शेवटचे दिसले ते डिसेंबरात, सकाळी अकराच्या सुमाराला. मी स्कूटी लावत होते. फाटकापासून दहा पावलांवर सायकल धरून उभे होते. दाढी वाढलेली, कानावर पेन्सिल तशीच. नव्या वॉचमनने हाक मारली, "आत या की, चाचा." ते हलले नाहीत.

"परवा पानी आलं हुतं," ते मला म्हणाले. "भिंत बघितली?"

आता इथे मला एक कबूल करायचं आहे. त्याआधीच्या सगळ्या पाण्यांनंतर मी भिंत बघितली होती. ह्या वेळी नाही. चुलत बहिणीच्या लग्नाला जेऊरला गेले होते, आणि आत्ता तेच बघायला आले होते. पण ते इतके बारीक झाले होते, आणि फाटक इतकं उघडं होतं, की माझ्या तोंडून निघून गेलं, "बघितली. कोरडी आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील रेघ दाखवा, फोटो दाखवा, टेप कुणाचा वापरला. निदान आत येऊन जीभ लावतील. मी त्याचीच वाट बघत होते. त्यांनी मान हलवली.

"तुमी बघितलं म्हंजे झालं," ते म्हणाले.

आणि सायकलवर बसून निघून गेले. आत आले नाहीत, मागे वळून बघितलं नाही. पुढे ते केम गावी लेकीकडे राहायला गेल्याचं झेरॉक्सवाल्याकडून कळलं. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या त्या माणसाने माझ्या देखत एकदाच कुणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवला, तो माझ्या, आणि नेमका तेव्हा मी खोटं बोलले होते.

मी स्टँडही नीट न लावता आत धावले. जोत्यापाशी गुडघ्यावर बसून भिंतीला हात लावला, मग दुसरा हात लावला. कोरडी होती. तरी मी नखाने गिलावा खरवडला आणि जिभेवर ठेवला.